बायबलप्रमाणे देवाची निवडलेली प्रजा नक्की कोण, ज्यू की ख्रिस्ती?

तुम्ही विचारलंय की चर्चमध्ये 'आम्ही देवाची निवडलेली प्रजा' म्हणतात, मग ज्यू लोकांचं काय, देवाने त्यांना टाकलं का? टाकलं नाही. रोमकरांस पत्र, अध्याय ११, पहिलंच वचन, ते पत्र लिहिणारा पौल स्वतःच हा प्रश्न विचारतो आणि स्वतःच कधीच नाही म्हणतो. विषय इथेच संपायला हवा होता पण प्रश्न वाचून मला आमचा मामा आठवला, त्यामुळे उत्तर लांबणार.

आम्ही मूळचे नगरचे, मिशनवाले, पण मी वाढलो ठाण्यात. समोरच्या दारात एक आजी राहायच्या, बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, अलिबागकडच्या. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. घरात काही चांगलं घडलं की एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करायच्या, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळ्याच्या फोडी, आणि त्यातली एक मोठी वाटी आमच्याकडे यायचीच.

माझा दहावीचा रिझल्ट लागला तेव्हा पप्पांनी घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली. वचन सांगायला मामा. आजींना आईने स्वतः जाऊन बोलावलं होतं, त्या पुढच्याच खुर्चीत. मामाने पेत्राचं पहिलं पत्र २:९ काढलं, 'निवडलेला वंश, राजकीय याजकगण, पवित्र राष्ट्र', इथपर्यंत ठीक होतं. मग गाडी सुटली ती सुटलीच. पहिल्या लोकांनी ख्रिस्ताला नाकारलं म्हणून त्यांच्या फांद्या तोडल्या, करार आपल्याकडे आला, आता खरं इस्राएल म्हणजे आपण, त्यांच्याकडे नुसतं नाव राहिलं वगैरे. आई डोळ्यांनी खुणावतेय, हा बघायलाच तयार नाही.

आजी काही बोलल्या नाहीत. चहा घेतला, मला पाकीट दिलं आणि दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "माझी बहीण तिकडे गेली ना, तिच्या लग्नाच्या वेळी तिथले रब्बी विचारत होते, तुझी आई, आजी खऱ्या ज्यू होत्या का ते दाखव. आणि इथे तुझा मामा असं सांगतो." आणि हसल्या. मला तेव्हा काही कळलं नाही. नंतर वाचलं की साठच्या दशकात बेने इस्राएल लोकांच्या लग्नावरून इस्राएलमध्ये मोठं भांडण झालं होतं, लोक रस्त्यावर बसले, शेवटी १९६४ मध्ये हे सगळ्या अर्थाने ज्यूच आहेत असं अधिकृतपणे जाहीर करावं लागलं. म्हणजे शेकडो वर्षं कोकणात घाणा चालवताना शनिवारी काम बंद ठेवून ज्यांनी आपली ओळख टिकवली, त्यांना तिकडेही पुरावा मागितला आणि इकडे आमच्या हॉलमध्येही.

त्या रात्री मी मामाने सांगितलेला फांद्यांचा उतारा उघडून बसलो. तो रोमकरांस ११ मध्येच आहे, मामाने अर्धाच सांगितला होता. पौल म्हणतो, काही फांद्या तोडल्या हे खरं, आणि तू रानटी जैतून, तुझं कलम त्या झाडावर केलं, पण त्या फांद्यांपुढे मिजास करू नको, तू मुळाला धरून ठेवत नाहीस, मूळ तुला धरून ठेवतं. आपल्याकडे रायवळच्या खुंटावर हापूसचं कलम बांधतात, पौल बरोबर उलटं सांगतो, चांगल्या झाडावर रानटी काडी, आणि हे निसर्गाच्या विरुद्ध आहे हेही स्वतःच कबूल करतो. ती रानटी काडी म्हणजे आपण. आणि पुढे २९ व्या वचनात, देवाचं पाचारण मागे घेतलं जात नाही.

पुढच्या रविवारी मी हे मामाला दाखवलं. "दहावी झालास, पाळक नाही झालास," एवढंच उत्तर मिळालं.

तर मामाची चूक कुठे? 'पवित्र राष्ट्र, याजकगण' हे शब्द पेत्राने स्वतः बनवलेले नाहीत, निर्गम १९ मध्ये सिनाय डोंगरापाशी ते इस्राएलला सांगितलेत. पेत्र स्वतः ज्यू, त्याने ते उघडून दुसऱ्यांनाही आत घेतलं. आत घेणं वेगळं आणि मालकाला बाहेर काढून खोली बळकावणं वेगळं. आणि अनुवाद ७ वाचा, तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यात थोडे होता. निवड म्हणजे मेरिट लिस्ट नाही. मामाचा मुद्दा नवा नाही हेही खरं, दुसऱ्या शतकातच जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने ट्रायफो नावाच्या ज्यूशी केलेल्या वादात खरं इस्राएल आम्हीच म्हणून ठेवलंय, आणि पुढे युरोपात त्याचे काय परिणाम झाले ते शाळेतल्या इतिहासातही आहे. कॅथलिकांनी १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेत स्पष्ट लिहिलं की ज्यूंना देवाने टाकलेले किंवा शापित म्हणू नका. आम्हा प्रोटेस्टंटांत असं एका कागदावर ठरवणारं कोणी नाही, त्यामुळे प्रत्येक मामा पोप.

आता गंमत ऐका. तोच मामा रिटायर झाल्यावर यूट्यूबवरची भविष्यवाणीची प्रवचनं ऐकायला लागला आणि पार फिरला. डीपीला इस्राएलचा झेंडा, रोज फॉरवर्ड, यरुशलेमात तिसरं मंदिर उभं राहणार, त्याच्या शुद्धीसाठी लाल कालवड लागणार, 'ज्यूंना हात लावाल तर याद राखा'. हे डार्बी नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या प्रचारकाचं आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलमधल्या टिपांचं गणित, जेमतेम दोनशे वर्षांचं. मला हेही पटत नाही. आधी ज्यू म्हणजे तोडलेली फांदी होती, आता पटावरची सोंगटी आहे, शेवटचा काळ यावा म्हणून हलवायची. माणूस म्हणून आजी दोन्हीकडे नाहीत. आणि बेथलेहेममधले अरबी बोलणारे ख्रिस्ती मामाच्या या हिशोबात कुठेच बसत नाहीत.

एक मात्र सांगायला पाहिजे, नाहीतर मामावर अन्याय होईल. आजोबांच्या बायबलमध्ये २:९ च्या खाली २:१० ला पेन्सिलने दोनदा रेघ मारलीय, 'पूर्वी तुम्ही लोक नव्हता, आता देवाचे लोक आहात.' गावच्या विहिरीवर ज्याला पाणी भरू देत नव्हते त्या माणसाने मारलेली रेघ आहे ती. ते वचन मामाला बापाकडून मिळालंय, त्यामुळे तो ओरडून का सांगतो ते मला कळतं. पण मूळ जुन्या करारातल्या होशेयमध्ये ते इस्राएललाच सांगितलंय, हे आजोबांना कोणी सांगितलं असतं तरी त्यांचं काही कमी झालं नसतं असं मला वाटतं.

तुमच्या पाळकांना ११:१७ ते २४ एका दमात मोठ्याने वाचायला सांगा, मध्ये थांबू देऊ नका. (मी देवशास्त्र शिकलेलो नाही, कॅल्विनवाले निवडीबद्दल वेगळंच बोलतील, त्यात मी पडत नाही.)

आजी नंतर मुलाकडे अश्दोदला गेल्या. मामा पवित्र भूमीच्या टूरला जायचं म्हणतोय, आणि गेल्या आठवड्यात मला मेसेज केला, "त्या समोरच्या बाईंचा तिकडचा नंबर आहे का तुझ्याकडे, आपलेच लोक आहेत, भेटून येईन." नंबर आहे. अजून दिलेला नाही.