मारामारी नको, नुसत्या लोककथा आणि गोष्टी सांगणं असा एखादा गेम आहे का?

आहे. ‘व्हेअर द वॉटर टेस्ट्स लाइक वाइन’, २०१८ चा व्हिडिओ गेम. मला तो फार आवडतो, तरी सरसकट सगळ्यांना घ्या म्हणणार नाही.

सुरुवातीलाच तुम्ही एका लांडग्याशी पत्ते खेळता आणि हरता. (लांडग्याचा आवाज गायक स्टिंगचा. काय लावलाय!) अंगावरचं मांस जातं, उरतो सांगाडा. आता लांडग्याचं देणं फेडायचं तर १९३० च्या दशकातल्या महामंदीच्या काळातली अख्खी अमेरिका पायी तुडवत गोष्टी गोळा करायच्या.

खरी गंमत पुढे आहे. वाटेत काहीतरी विचित्र दिसतं, ती तुमची गोष्ट. ती कुणाला तरी सांगून तुम्ही विसरता. मग कितीतरी मैलांवर दुसराच कुणी तीच गोष्ट तिखटमीठ लावून तुम्हालाच ऐकवतो! पराचा कावळा होतो आणि तो कावळा उडत परत तुमच्याच खांद्यावर येऊन बसतो. आपल्याकडे साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी संपते, इथे पाचाची साठ होते. आणि अशी फुगलेली गोष्टच जास्त उपयोगी पडते.

कारण शेकोटीपाशी भेटणारी १६ माणसं, ज्यांना या गोष्टी ऐकवायच्या. पुलमन म्हणजे झोपायची सोय असलेल्या रेल्वेडब्यातला पोर्टर, धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेली शेतकरीण, अमेरिकन सैन्याने १८६४ मध्ये आपल्या लोकांना सक्तीने करायला लावलेल्या पायपिटीची आठवण वाहणारी नव्हाहो या मूळनिवासी जमातीतली बाई. ती म्हणतात, हसव, नाहीतर घाबरव. कुठल्या गोष्टीने काय होईल ते आपणच ताडायचं. मी विनोदी समजून सांगितलेली एक गोष्ट साफ पडली होती. मन भरलं की मग ती स्वतःचं सांगू लागतात. बहुतेक पात्रं वेगवेगळ्या लेखकांनी लिहिलीत, त्यामुळे प्रत्येकाचा बोलण्याचा ढंग निराळा.

चालणं मात्र जिवावर येतं. बटणं दाबून शिट्टी वाजवली की पाय जरा उचलतात, तरी नकाशा संपता संपत नाही. मी सरळ गाड्यांना अंगठा दाखवायचो. रायन आइकचं संगीत नसतं तर अर्ध्यातच सोडला असता. इंग्रजीही भरपूर वाचावं लागतं. निर्माता जॉनेमन नॉर्डहेगनने तर गेम धंद्यात आपटल्याचं स्वतःच उघडपणे लिहिलं होतं.

सेल लागला की घ्या. रात्री, हेडफोन लावून, एका बैठकीत दोन शेकोट्या. तिसरीला मला हमखास झोप येते.