पीएच.डी. आणि मुख्याध्यापकाची खुर्ची

शैक्षणिक नेतृत्व आणि व्यवस्थापनात पीएच.डी. केली तर पुढे कोणत्या वाटा आहेत आणि मुख्याध्यापक होण्यासाठी तिचा उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय. अनुदानित माध्यमिक शाळेत नऊ वर्षं झाली, असंही लिहिलंय. मुख्याध्यापकपदाचं आधी सांगते. नाही होत. खासगी अनुदानित शाळेत काडीचाही उपयोग होत नाही. महाराष्ट्रातल्या खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीतला नियम ३ काढून वाचा. पदवी, बी.एड., पाच वर्षांचा अनुभव, आणि मग ज्येष्ठता यादीत तुमचा नंबर कितवा. पीएच.डी.ला तिथे वजन नाही.

हे ऐकीव नाही. मी १ जुलै २००२ला रुजू झाले, आमच्याच शाळेतले एक सर १५ जूनला. सोळा दिवसांचा फरक. २०१३ला माझी पीएच.डी. झाली, विषय मुख्याध्यापकांची नेतृत्वशैली. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एसटीने गावोगाव फिरून सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या ४२ शाळांच्या प्रश्नावल्या मी भरून घेतल्या होत्या. २०१५ला खुर्ची रिकामी झाली आणि नियमाप्रमाणे सर बसले. त्याबद्दल मी ब्र काढला नाही, यादीवर माझीही सही होती. पण संस्थेच्या सभेत सचिव सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, शाळा पीएच.डी.नं चालत नाही, अनुभवानं चालते." ते वाक्य आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढच्याच वर्षीची गोष्ट. नववीच्या मुली गणितात एकदम मागे पडायला लागल्या. स्टाफ मीटिंगमध्ये ठरलं की मुलींना गणित जमत नाही, जादा तास घ्या. हजेरीपटावर तर सगळ्या हजर. मला ते पटेना, कारण प्रबंधाच्या वेळी एक गोष्ट मी शिकले होते: हजेरीपट सकाळचा असतो, शाळा दिवसभराची असते. मी तीन आठवडे रोज आठव्या तासाला नववीच्या वर्गात जाऊन डोकी मोजली. दोन वाड्यांवरून येणाऱ्या २३ मुलींपैकी आठव्या तासाला चार, कधी पाच उरायच्या. गणित आठव्या तासाला. शाळा सुटायची सव्वापाचला आणि वाडीची एसटी पाच वाजताच निघून जायची. त्यानंतरची गाडी पावणेसातची. हिवाळ्यात त्या वेळी मिट्ट अंधार, फाट्यापासून वाडीपर्यंत दीड किलोमीटर चालायचं. कुठली आई मुलीला त्या गाडीने येऊ देईल? वर्गशिक्षिकेला हे ठाऊक होतं, शिपायालाही ठाऊक होतं. तिच्या परवानगीनेच मुली मागच्या फाटकातून जायच्या. फक्त कुणी ते कागदावर आणलं नव्हतं.

मी एक पानी टिपण केलं. शाळा वीस मिनिटं आधी भरवा, मधली सुट्टी दहा मिनिटांनी कमी करा, गणित दुसऱ्या तासाला घ्या. सरांनी पान वाचलं, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "वेळापत्रक मंजूर झालंय. तुमचं संशोधन प्रबंधात राहू द्या." माणूस वाईट नव्हता. पै-पैचा हिशेब चोख, शालेय पोषण आहाराचं एक पोतं इकडचं तिकडे झालं नाही. पण चौदा वर्षं ते त्याच इमारतीत होते आणि आठव्या तासाला मागचं फाटक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी मी ते टिपण पालकसभेत वाचून दाखवलं. वाडीच्या आयांनी अंगठे-सह्यांचा अर्ज दिला, तेव्हा कुठे पुढच्या जूनपासून वेळ बदलली. ती तुकडी दहावीला गेली, तेव्हा त्या २३ मधली एकही गळाली नव्हती. नुसता अनुभव हे करत नाही. अनुभवाकडे कसं पाहायचं, ते शिकावं लागतं, आणि ते मला या पदवीनं शिकवलं.

आता तुमच्या वाटांबद्दल. बी.एड. कॉलेजचं प्राचार्यपद: राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एन.सी.टी.ई.) २०१४च्या निकषांत पीएच.डी. लागतेच, पण एम.एड.सोबत माध्यमिक शिक्षक-प्रशिक्षण संस्थेतला आठ वर्षांचा अनुभवही लागतो. तुमची शाळेतली नऊ वर्षं त्यात धरत नाहीत, इथेच बहुतेक जण फसतात. सहायक प्राध्यापक व्हायचं तर १ जुलै २०२३पासून नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक. म्हणून आधी सेट काढा. उपशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी ही पदं एमपीएससीची, त्यांना पीएच.डी.ची अट नाही. सीबीएसईच्या मोठ्या खासगी शाळा 'डॉ.' लावलेली प्राचार्या आनंदाने घेतात, माहितीपत्रकात नाव शोभतं. पगार बरा असतो, पण उद्या काढलं तर दाद मागत बसावं लागतं. मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाचं काम दिल्लीच्या 'नीपा' या राष्ट्रीय संस्थेत आणि संभाजीनगरच्या 'मीपा' या राज्याच्या संस्थेत चालतं. कैवल्य एज्युकेशन फाउंडेशनसारख्या संस्थाही त्यात आहेत. जिल्ह्यातल्या डाएटकडे, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे, तज्ज्ञ म्हणून नाव नोंदवा.

मी निवडलेली वाट लहान आहे, पण तिचा मला अभिमान आहे. मुक्त विद्यापीठाच्या शालेय व्यवस्थापन पदविकेच्या वर्गाला मी समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक, आहे. समोर बसतात ते ज्येष्ठता यादीत पहिल्या-दुसऱ्या नंबरवरचे शिक्षक, उद्याचे मुख्याध्यापक. त्यांना मी पहिलं काम देते ते आठव्या तासाची डोकी मोजून आणायचं.

एक मात्र कबूल करते. ज्येष्ठतेचा नियम उठवा, असं मी म्हणत नाही. तो नसता तर आमच्याकडे सर नाही आणि मीही नाही, सचिवांचा मेहुणा बसला असता. माझं म्हणणं इतकंच, की यादीतल्या पहिल्या माणसाला खुर्चीत बसवण्याआधी वर्षभर प्रशासन शिकवा आणि त्याची परीक्षा घ्या. आणि तुमची संस्था अल्पसंख्याक असेल तर वर लिहिलेलं सगळं तसंच लागू होणार नाही. मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक त्यांना जास्त असते, तिथे पदवी कामी येऊ शकते.

करायचीच असेल तर नोकरी सांभाळून अर्धवेळ करा, यूजीसीच्या २०२२च्या नियमांत ती सोय आहे. संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. ते तोंडी घेऊ नका. ठरावाची प्रत जावक क्रमांकासह, शिक्का मारून घ्या आणि घरी ठेवा. माझ्या सेवापुस्तकात पीएच.डी.ची नोंद व्हायला तीन वर्षं लागली, कारण परवानगी दिल्याचं सचिवांना आठवत नव्हतं.