पोटातल्या नळीला घाबरू नका, पण पाण्याचं विसरू नका

ताई, मिरजेत तुमच्या वडिलांचं अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय, डॉक्टर पोटातून आतड्यात नळी घालणार म्हणतात आणि घरचे विचारतात की नाकातली असताना पोटाला आणखी भोक कशाला. आमच्या आप्पांच्या वेळी तासगावात हाच वाद झाला. चुलते म्हणाले, "नळी घातली म्हणजे संपलंच की." तसं काही नसतं.

या ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेचा रोगट भाग काढून जठर नळीसारखं करतात आणि वर ओढून उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. तो जोड भरेपर्यंत साधारण आठवडाभर तोंडाने काही देत नाहीत. जोड गळायला लागला तर मुक्काम कितीही लांबतो. म्हणून जोडाच्या बऱ्याच खाली, लहान आतड्यात ही नळी. दवाखान्यात तिला 'एफजे', म्हणजे फीडिंग जेजुनोस्टॉमी, म्हणतात. नाकातूनही आतड्यापर्यंत नळी नेता येते, पण ती घशाला टोचते आणि खोकल्याच्या उबळीत सरकते. सगळेच सर्जन पोटातली घालतात असंही नाही. तुमचे घालतायत, तर वजन आधीच किती उतरलंय ते बघून ठरवलं असेल.

घरी आल्यावर आप्पांचं चार घासांत पोट गच्च व्हायचं. दिवसा जेवढं जाईल तेवढं तोंडाने, बाकीचं रात्री नळीतून थेंब थेंब. आतडं म्हणजे जठर नव्हे, तिथं साठवायला जागाच नसते. माझ्या धाकट्या भावाने एकदा घाईत सिरिंजने भसकन ढकललं आणि आप्पा रात्रभर पोट धरून संडासच्या वाऱ्या करत होते. फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, चालू असताना डोक्याकडची बाजू उंच ठेवा. आम्ही खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा दिल्या होत्या.

आता माझी चूक. नळी आतून जेमतेम बॉलपेनच्या रिफिलएवढी. मी रक्तदाबाची गोळी खलबत्त्यात कुटून पाण्यात कालवून सोडली. रात्री दोन वाजता नळी ठप्प. मोठ्या, पन्नास मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी हळू आत, हळू मागे, असं अर्धा तास केलं तेव्हा कुठे सुटली. लहान सिरिंजने जोर लावू नका, दाब जास्त येतो आणि नळी फुटते. तारबीर तर घालूच नका. त्यानंतर डॉक्टरांकडून पातळ औषधं लिहून घेतली. फीडच्या आधी, नंतर आणि प्रत्येक औषधानंतर तीस मिली पाणी. फीड बंद असलं तरी पाणी चालूच. आंबील, पेज कितीही पौष्टिक असली तरी नळीत घट्ट बसते. आहारतज्ज्ञांनी सांगितलेलंच द्या, घरचं असेल तर बारीक गाळणीतून दोनदा गाळून.

नळी कातडीतून बाहेर येते तिथं पेनाने खूण करून घ्या. सरकली की लगेच कळतं. टाका तुटून नळी निघालीच, तर स्वतः परत घालू नका आणि सकाळची वाटही बघू नका. नळीची आत जायची वाट काही तासांत आक्रसते. ओलं फडकं न लावता स्वच्छ गॉज ठेवून थेट दवाखाना गाठा, निघालेली नळी सोबत न्या. जागा लाल झाली, पू आला, पोट फुगलं, ताप आला तरी तसंच.

वजन टिकायला लागल्यावर आप्पांची नळी ओपीडीतच काढली. टाका कापला, ओढली, झालं. भोक काही दिवसांत आपोआप बुजलं.

आणि एक, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सिस्टरांसमोर स्वतःच्या हाताने एकदा पाणी सोडून बघा. नुसतं बघून शिकलेलं घरी आठवत नाही.