कणीस आधी ओळखा, मग पाणी ठेवा

पोळा जवळ आला की आमच्याकडे मक्याचे प्रश्न सुरू होतात. यंदा इतके आले की या वेळचं अख्खं पान त्यालाच दिलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचं वाक्य जसंच्या तसं दिसलं नाही तर राग मानू नका.

प्रश्न (चोपडा): ताई, दिराच्या मळ्यातून सकाळी तोडलेली कणसं आणली. मोबाईलवर बघितलं होतं की पाच मिनिटं उकळली की झाली, मी पंधरा मिनिटं उकळली तरी दाणा चामटच. सासूबाई म्हणतात पाण्यात मीठ टाकलं म्हणून असं झालं. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्याचं काही असेल का?

उत्तर: ताई, पहिले मला सांगा मका कोणता होता? आपल्याकडे चोपड्यापासून शिरपूर, शहाद्यापर्यंत शेतात जो मका उभा दिसतो तो बहुतेक दाण्याचा हायब्रीड मका, वाळवून मार्केटला जाणारा, पुढे कोंबडीखाद्यात नाहीतर स्टार्चच्या कारखान्यात जाणारा. मोबाईलवरची पाच मिनिटं आहेत स्वीट कॉर्नची. स्वीट कॉर्नचं बियाणंच वेगळं असतं, त्याच्या दाण्यात साखरेचं पिठात रूपांतर नीट होत नाही म्हणून तो गोड आणि रसाळ राहतो, आणि तीन ते पाच मिनिटांत होतो, जास्त उकळला तर उलट बेचव लागतो. आपला शेतातला मका तसा नाही, त्याच्यात पीठ भराभर भरतं आणि ते पीठ शिजायला वेळ लागतोच. कोवळा असेल तर उघड्या पातेल्यात पंचवीस-तीस मिनिटं, नाहीतर सरळ कुकरला लावा, कणसं अर्धी बुडतील इतकं पाणी, तीन-चार शिट्ट्या आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. खाली आतली कोवळी पानं अंथरून त्यावर कणसं ठेवली तर वास फार छान येतो, मी तर पानांशिवाय लावतच नाही.

आता तुम्ही आणलेला मका कोवळा होता का, हे नखाने कळतं. मधल्या भागातला एक दाणा नखाने दाबा. दुधासारखा पांढरा रस उडाला तर कणीस एकदम बरोबर वयाचं. नुसतं पाणी आलं तर अजून चार-पाच दिवस थांबायला पाहिजे होतं. आणि कणकेसारखा गोळा निघाला तर ते कणीस उकडायचं वय सोडून गेलंय, मग तुम्ही त्याला तासभर उकळा, मऊ होईल पण गोड होणार नाही. बाहेरून बघायचं तर वरचे केस तपकिरी होऊन वाळलेले पण पानं हिरवीगार, असं कणीस घ्यायचं. मळ्यात हा दुधाचा टप्पा मोजून काही दिवसांचाच असतो, पाऊस उघडून ऊन पडलं की अजून लवकर सरतो.

मिठाचं सासूबाईंना समजावून सांगा, पण वाद घालू नका. मिठाने दाणा कडक होतो हा समज जुना आहे, पण घरात आपण चमचाभर टाकतो तेवढ्याने काही बिघडत नाही. तुमची बोअरची शंका मात्र एकदम बरोबर आहे. जड पाण्यात जो चुना असतो ना, ज्याचा पांढरा थर कुकरच्या आत बसतो, तो दाण्याची साल घट्ट धरून ठेवतो, डाळ शिजत नाही ती पण त्याच्यामुळेच. पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरून बघा. आणि उकळताना लिंबू अजिबात पिळू नका, आंबटानेही साल मऊ व्हायला वेळ लागतो. लिंबू, मीठ, तिखट सगळं वरून, गरम गरम असताना.

प्रश्न (धुळे): मंडईतून रविवारी आणलेली स्वीट कॉर्नची कणसं बुधवारी खाल्ली तर गोडीच नव्हती. फसवलं का मला?

उत्तर: भाऊ, विकणाऱ्याने नाही फसवलं, उकाड्याने फसवलं. कणीस तोडलं तरी ते जिवंत असतं, आतली साखर संपत जाते आणि पिठात बदलत राहते. ३० अंशाच्या आसपासच्या हवेत साध्या स्वीट कॉर्नची निम्म्यापर्यंत साखर एका दिवसात जाऊ शकते, तेच बर्फाजवळच्या थंडीत एका दिवसात दहा टक्क्यांच्या आतच जाते. अलीकडच्या जास्त गोड जातींमध्ये हे हळू होतं, पण ओट्यावर तीन दिवस म्हणजे कुठल्याही जातीला जास्तच झालं. म्हणून मी सकाळी लवकर मंडईत जाते, सोललेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कणसं घेत नाही, पानांसकट घेते, आणि घरी आल्या आल्या तशीच पिशवीत घालून फ्रीजमध्ये. त्याच दिवशी खाल्लं तर उत्तमच. जास्तच आणली असतील तर त्याच दिवशी चार मिनिटं उकळून, थंड पाण्यात टाकून, दाणे सोडवून, कोरडे करून फ्रीजरमध्ये ठेवा.

प्रश्न (जळगाव): गॅसवर कणीस भाजताना दाणे फुटून उडू राहिले, एकदा तर मुलाच्या हाताला चटका बसला. आणि चुलीवरची चव काही येत नाही.

उत्तर: मुलाला पहिले लांब बसवा. दाण्यातलं पाणी वाफ होऊन साल फोडतं, आणि स्वीट कॉर्नमध्ये पाणी जास्त म्हणून ते जास्त उडतं आणि भाजून सुरकुततं. भाजायला शेतातलाच मका घ्या, दुधाचा टप्पा नुकताच सरत आलेला, तोच खरा भाजायचा. गॅसवर पापडाची जाळी ठेवून मध्यम आच आणि सारखं फिरवत राहायचं, सहा-आठ मिनिटं. मोठ्या आचेवर बाहेरून काळं आणि आत कच्चं, हे ठरलेलंच.

चुलीच्या चवीचं विचारलं म्हणून सांगते. आमच्या घरी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजली की मागे जे लाल निखारे राहायचे, त्याच्यावर आजी कणसं मांडायची. जाळ पूर्ण बसल्याशिवाय ती हात लावू द्यायची नाही. भुकेने जीव जायचा पण थांबावं लागायचं. काही कणसं ती पानांसकटच पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून राखेच्या कडेला पुरायची, ती आत वाफेवर शिजायची आणि पानांचा धूर दाण्यात उतरायचा. ती चव गॅसला येणार नाही, हे मान्य करूनच गॅसवर भाजा. पण शेगडी आणि थोडे कोळसे मिळाले तर गच्चीवर करून बघा. वरून अर्धं लिंबू मीठ-तिखटात बुडवून चोळायचं, आणि आमच्याकडे तर हिरव्या मिरचीचा ठेचा शेंगदाण्याच्या तेलात कालवून लावतात, तो एकदा लावा.

प्रश्न (अमळनेर): कणसं निबर निघाली, वीस आहेत, काय करू? फेकवत नाहीत.

उत्तर: फेकायची कशाला, किसा! आपल्या पलीकडेच बऱ्हाणपूर, इंदूर, तिकडे हा कीस घरोघरी करतात. चार कणसं किसणीवर किसून घ्या, दोन चमचे तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, त्यात कीस टाकून मंद आचेवर दहा मिनिटं परता, खाली लागतो म्हणून हलवणं सोडायचं नाही. मग वाटीभर दूध थोडं थोडं घालत शिजवायचं, कडेने तूप सुटायला लागलं की मीठ, चिमूटभर साखर, लिंबू, कोथिंबीर, वरून खोबरं. निबर कणसांत पीठ जास्त म्हणून कीस चांगला बांधून येतो. ज्यांना दात नाहीत त्या घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही हा खाता येतो, म्हणून मला फार प्रिय. उरलेला कीस बेसन, कांदा, ओवा घालून वड्यांना चालतो. वरची पानं आणि बुरकुंडं गुरांना द्या.

प्रश्न (शहादा): कणसाच्या टोकाला अळी निघाली. खायचं की टाकायचं? आणि मधे मधे दाणेच नाहीत, हा रोग आहे का?

उत्तर: नुसतं टोक कुरतडलेलं असेल तर तेवढं दोन बोटं कापून टाका, बाकीचं धुऊन शिजवा. पण काळी, हिरवी नाहीतर गुलाबी बुरशी दिसली तर पूर्ण कणीस टाका, शिजवल्याने बुरशीचं विष जात नाही. २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात आलीय, त्यामुळे फवारण्याही वाढल्यात. घरच्या शेतातून आणत असाल तर फवारणीनंतर किती दिवस थांबायचं हे औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय कणीस तोडू नका.

दाणे नसणं मात्र रोगच असेल असं नाही. कणसाचा एक केस म्हणजे एक दाणा, ज्या केसाला पराग मिळाला नाही तिथे जागा रिकामी राहते. फुलोऱ्यात सलग पाऊस किंवा कडक ऊन झालं की असं होतं. चवीला फरक नाही, बिनधास्त उकडा.