अहवालात विशेषणं नकोत

प्रिय,

परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून रुजू झाल्याचं कळलं. अभिनंदन.

फाइल हातात आली की कलमांआधी तारीख बघ. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. मुलाला घरी ठेवायचं की विशेष गृहात, म्हणजे अशा मुलांच्या सुधारगृहात, पाठवायचं, हे ठरवताना मंडळाला त्याचाच आधार असतो. आणि नेमकं तिथेच ‘परिस्थिती हलाखीची, संगत वाईट, सुधारण्यास वाव’ असं खरडलेलं असतं. त्यावरून मंडळाने काय ठरवायचं?

घरी दोनदा जा, एकदा दिवसा, एकदा रात्री आठनंतर. पोलिसाला सोबत नेऊ नकोस, नाहीतर सगळ्या चाळीला कळतं. मुलाची ओळख झाकणं आपल्यालाही बंधनकारक आहे. मुलगा झोपतो कुठे, संध्याकाळी सात ते अकरा घरात मोठं कोण असतं, शाळा कोणत्या महिन्यात सुटली, मोबाइलचा रिचार्ज कोण मारतं, हे विचार. शेवटच्या प्रश्नाला आई गप्प झाली, तर घाई न करता तिथेच थांब. बहुधा धागा तिथेच असतो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १८ मध्ये समज, समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या ताब्यात परिवीक्षेवर (चांगल्या वर्तनाच्या हमीवर, देखरेखीखाली) सोडणं (जास्तीत जास्त ३ वर्षं) असे पर्याय आहेत. अटी दोन-तीनच सुचव, त्याही तपासता येतील अशा. ‘वाईट संगत टाळावी’ ही अट मोडली की पाळली, कोण सांगणार? शनिवारी अकराची हजेरी लावलीस आणि त्याच वेळी त्याची आयटीआयची बॅच असली, तर अट आपणच मोडायला लावतो. बापाचा रोज बुडतो, तेही धर. दोन-तीन खेपांनंतर तो यायचा थांबतो आणि फाइलवर ‘पालकांचे सहकार्य नाही’ असा शेरा पडतो.

समाजसेवा १४ वर्षांवरच्यांनाच. त्याच्याच वस्तीत झाडू हातात दिला तर ती धिंडच. दुसऱ्या वॉर्डातला दवाखाना किंवा वाचनालय बघ. किती तास, देखरेख कोणाची, हजेरीवर सही कोणाची, हे आदेशातच येऊ दे. पुण्यातल्या २०२४ च्या मोटार अपघातानंतर अल्पवयीन चालकाला सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधावरून गदारोळ झाला. ती जामिनाची अट होती, पण लोकांनी सगळेच पर्याय त्या पंगतीत बसवले. मोघम आराखड्याची आता जास्तच खिल्ली उडते.

परिवीक्षेचा पहिला महिना नाजूक. आठवड्याला एक भेट, फोनवर नव्हे. शाळाप्रवेशासाठी मुख्याध्यापकांकडे जाताना मंडळाची फाइल नेऊ नकोस, शाळा सोडल्याचा दाखला ने.

तुझा,
दादा