टायगरच्या घरच्यांना काय सांगशील

पुणे

प्रिय डॉक्टर,

काल रात्री फोनवर तू प्रत्येक वाक्य अर्ध्यावर सोडत होतीस. म्हणून लिहून पाठवते. फोनवर ऐकलेलं तू विसरतेस आणि लिहिलेलं चारदा वाचतेस, हे तुझ्या इंटर्नशिपपासून मी बघत आलेय.

टायगरचा एक्स-रे पाहिला. पुढच्या पायाचं, मनगटाच्या वरचं हाड, कड कुरतडल्यासारखी, आणि बाजूला नवं हाड किरणांसारखं फुटलेलं. सात वर्षांचा रॉटवायलर. सुईने पेशी काढून खात्री करून घेच, पण हाडाच्या कर्करोगाचं तुझं निदान बरोबर वाटतं. मोठ्या जातीचा कुत्रा, कोपरापासून दूर किंवा गुडघ्याजवळ सूज, आणि आठ-दहा दिवस औषध देऊनही न जाणारं लंगडणं, एवढं जुळलं की मुरगळला असेल म्हणून सोडायचं नाही. तू सोडलं नाहीस. हे आधी सांगते, कारण काल तुला स्वतःचं एकही काम बरोबर वाटत नव्हतं.

अडलीस ती टायगरच्या घरच्या मुलाच्या प्रश्नावर. "माणसांचा पाय वाचवतात ना आता? मग टायगरचा का कापायचा?"

हा प्रश्न माझ्या वाट्याचाही आहे. माझा उजवा पाय नाही हे तुला माहीत आहे, पण त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. १९८४ साली मी सतरा वर्षांची होते. गुडघ्याच्या वर रात्री ठणकायचं. दिवसा विसरायला व्हायचं, रात्री झोपू द्यायचं नाही. कुणी म्हणालं वाढीचं वय आहे, कुणी म्हणालं खो-खो बंद करा. एका हाडवैदाने दीड महिना तेल चोळलं, तोवर सूज मुठीएवढी झाली. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा डॉक्टरांनी बाबांना पहिलं वाक्य सांगितलं ते असं, "आता कुणालाही हात लावू देऊ नका." ऑस्टिओसार्कोमा, हाडाचा कर्करोग. तुझ्या टायगरला आहे तोच.

त्या वेळी माझा पाय मांडीतून काढला. आज तशीच मुलगी आली तर आधी केमो, मग रोगट हाड काढून तिथे धातूचा सांधा, मग पुन्हा केमो असं होतं, आणि बहुतेकांचा पाय वाचतो. मुलगा म्हणतो ते खरंच आहे. त्याला तसं सांग. मुलांना आधी "तुझं बरोबर आहे" हे ऐकू आलं की पुढचं ऐकवतं.

पुढचं असं. पाय काढला तरी हा रोग पायापुरता नसतो. निदान होतं तेव्हाच बहुतेकदा त्याच्या पेशी रक्तातून फुप्फुसाकडे निघालेल्या असतात, एक्स-रेत न दिसण्याइतक्या बारीक. केमो येण्याआधी, १९७०च्या सुमारापर्यंत, पाय कापूनही पाचातली साधारण चार माणसं फुप्फुसातल्या गाठींनी जात. केमोने ते बदललं. रोग पसरलेला दिसत नसेल तर आज तिघांतले साधारण दोघं पाच वर्षांपुढे जगतात. कुत्र्यांत आपण एवढे पुढे आलेलो नाही. नुसता पाय काढला तर निम्मे कुत्रे चार-पाच महिन्यांत जातात. सोबत कार्बोप्लॅटिन हे केमोचं औषध दिलं तर हा आकडा दहा-बारा महिन्यांवर जातो, आणि पाचातला एखादा दोन वर्षं काढतो. हे आकडे त्यांना सांग. "निम्मे" याचा अर्थही सांग, की उरलेले निम्मे त्याहून जास्त जगतात, नाहीतर लोक कॅलेंडरवर खूण करून बसतात.

मग एवढ्यासाठी पाय का कापायचा? दुखण्यासाठी. कर्करोगाने पोखरलेलं हाड आतून ताणलं जातं आणि एक दिवस साध्या उडीत मोडतं. ते दुखणं गोळ्यांनी थोडं कमी होतं, हाड काढलं की जातं. हाड वाचवण्याची शस्त्रक्रिया कुत्र्यांतही होते, नेमकी याच मनगटाजवळच्या हाडासाठी. पण त्यात जंतुसंसर्ग फार होतो, आणि मिळणाऱ्या दहा-अकरा महिन्यांतले दोन-तीन मलमपट्टीत जातात. मला सतराव्या वर्षी कुणी सहा महिने मलमपट्टीत काढायला सांगितले असते तर मी काढले असते, कारण पुढे काय मिळणार ते मला सांगता येत होतं. आई पलंगाशी बसून रोज सांगायची, अजून चार सलाईन, मग घरी. केमोचं लाल औषध चढताना मी ते चार मोजत पडायचे. टायगरला चार मोजता येत नाहीत. त्याच्यावर जे दुखणं आपण आणू ते त्याच्यासाठी बिनकारणाचं असतं. माझ्या मते सगळा फरक इथे आहे, आणि त्या मुलाला तो कळेल.

तीन पायांवर कुत्रा कसा राहील ही भीती घरच्यांची असते, कुत्र्याची नाही. माझा भीम, ग्रेट डेन, तुझ्या इंटर्नशिपच्या आधीचा. त्याला हेच झालं, डाव्या खांद्याजवळ. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तो अंगणात गेला. मला जयपूर फूटवर नीट चालायला अख्खा पावसाळा लागला होता. सकाळी मी पाय चढवत असले की तो दाराशी थांबून बघत राहायचा, पट्टा बांधून होईपर्यंत. नऊ महिने मिळाले. त्यातले साडेआठ चांगले.

पण टायगरचे बाकीचे पाय, कंबर आणि वजन आधी नीट तपास. छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे काढ. फुप्फुसात गाठी दिसल्या, किंवा कंबर आधीच गेलेली असली, तर ऑपरेशनचा आग्रह धरू नकोस. मग दुखणं कमी करणं हाच उपचार, आणि तो पूर्ण मनाने कर. वेदनाशामक आजपासूनच सुरू कर, निर्णयाची वाट बघू नकोस. घरातल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका हे दोनदा बजाव. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक लोक प्रेमानेच देतात आणि कुत्र्याची आतडी, मूत्रपिंडं जातात. घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉलबद्दलही सांग, एक गोळीही तिच्या जिवावर बेतते.

केमो म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे टक्कल आणि उलट्या येतील. कुत्र्यांना मात्रा अशी बेतलेली असते की तो बहुतेक दिवस जेवतो, खेळतो. तीन आठवड्यांनी एक सलाईन, त्याच दिवशी घरी. शी-शू उचलताना पहिले काही दिवस हातमोजे घालायला सांग, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला ते काम देऊ नका म्हणावं. मला सिसप्लॅटिन मिळालं होतं, तेही केमोचंच औषध. तेव्हापासून मला रातकिडे ऐकू येत नाहीत. पावसाळ्यात सगळे म्हणतात काय किरकिर चाललीय, आणि माझ्यासाठी बाहेर फक्त पाऊस असतो. तरी ते औषध मी पुन्हा घेईन.

मुलगा बहुधा विचारेल, मला होईल का. हा रोग लागत नाही, हे स्पष्ट सांग. माणसांत तो फार कमी जणांना होतो. पण जाता जाता त्याच्या आईला सांगून ठेव की वाढत्या वयात एकाच जागी, रात्री जागं करणारं दुखणं आणि सूज असली तर चोळायचं नाही, आधी एक्स-रे काढायचा. आणि गाठीचा तुकडा काढायचा तो पुढे ऑपरेशन करणाऱ्यांनीच, भलत्या ठिकाणी चीर पडली तर वाचणारा पायही जाऊ शकतो. हे माझ्या बाबांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मुलाला सांगण्यासारखी. मिफामुर्टाइड नावाचं औषध २००९ साली युरोपात या रोगाच्या मुलांसाठी मान्य झालं. त्याआधी ते टायगरसारख्या कुत्र्यांना देऊन पाहिलं होतं. टाटाला जाताना आमच्या टॅक्सीच्या वाटेवर बाई साकरबाईंच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय लागायचं, १८८३ पासूनचं. एकदा फाटकाशी एक बैल तीन पायांवर उभा होता. त्या दिवशी मी ठरवलं, की जगले तर इथे शिकायला यायचं.

शेवटचं कधी, हे ते विचारतील. "झोपवलं तर पाप लागेल का," असंही हळूच विचारतील. घाई करू नकोस, पण टाळूही नकोस. त्याच्या आवडीच्या तीन गोष्टी आजच कागदावर लिहून घ्यायला सांग. भीमच्या होत्या: दुधाची पिशवी आली की उठणं, पोस्टमनवर भुंकणं, पोटावर ऊन घेणं. तिसरी बंद झाली त्या संध्याकाळी मी माझ्याच हाताने इंजेक्शन भरलं. तू हे स्वतःच्या कुत्र्यासाठी करू नकोस, दुसऱ्या कुणाला बोलाव.

त्यांना शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यात शेवटी बोलाव, मागे कुणी थांबलेलं नको. मुलालाही आणायला सांग. आणि फरशी गुळगुळीत असेल तर आजच सतरंज्या अंथरायला सांग, त्या पायावर घसरला तर हाड मोडेल.

रात्री दहानंतर फोन कर, मी जागी असते.

तुझी,
मॅडम