हातपंपाचे नितळ पाणी आणि आर्सेनिक

प्रश्न : गलाईच्या (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) व्यवसायामुळे आमचे कुटुंब खानापूर तालुक्यातून (जि. सांगली) पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यात राहायला आले आहे. घराजवळच्या हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे शेजारी सांगतात; परंतु पाणी नितळ आहे आणि आसपास एकही कारखाना नाही. मग हे विष आले कोठून? पाणी उकळून प्यायले तर चालेल का?
— एक वाचक

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याची निकड अधिक आहे. उकळून चालणार नाही. उकळल्याने जंतू मरतात; आर्सेनिक मात्र पाण्यातच राहते आणि पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. त्याला रंग, वास वा चव नसल्याने नितळपणावरूनही काही ठरवता येत नाही.

कारखाना शोधण्याचे कारण नाही. गंगेने हिमालयातून हजारो वर्षे वाहून आणलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो आणि त्याला आर्सेनिक चिकटलेले असते. त्याच गाळात गाडल्या गेलेल्या वनस्पतींच्या अवशेषांवर जगणारे सूक्ष्मजीव भूजलातील प्राणवायू संपवतात, तेव्हा हे लोह विरघळते आणि आर्सेनिक पाण्यात सुटते. खानापूरच्या काळ्या कातळात असा गाळच नाही, त्यामुळे गावाकडच्या विहिरींचा अनुभव येथे उपयोगी पडणार नाही. तळ्यांच्या दूषित पाण्यामुळे होणारे पटकी-अतिसारासारखे रोग टाळण्यासाठीच बंगालच्या दोन्ही भागांत हातपंपांचा प्रसार झाला, आणि त्यांतले बहुसंख्य नेमके याच गाळाच्या उथळ थरांत उतरले. कोलकात्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी १९८३ मध्ये रुग्णांच्या त्वचेवरील डागांचा संबंध या पाण्याशी जोडला.

जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. दोन शेजारच्या हातपंपांतही प्रमाण फार वेगळे असू शकते. म्हणून शेजाऱ्याच्या पंपाचा अहवाल आपल्याला चालत नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेकडून स्वतःच्या पंपाचे पाणी तपासून घ्यावे. साधारणतः दीडशे मीटरहून खोल कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा सुरक्षित असते, तरीही तेही तपासल्याशिवाय पिऊ नये.

अहवाल येईपर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला, विशेषतः पाणी शोषून घेणाऱ्या भात-डाळीला, शुद्ध केलेले नळाचे पाणी वापरावे. अंघोळ व धुणे हातपंपावर करण्यास हरकत नाही. तळहात-तळपायांची कातडी जाड व खरखरीत होणे किंवा अंगावर काळसर-पांढरे ठिपके येणे ही लक्षणे सहसा अनेक वर्षांनी दिसतात. ती दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. हा आजार संसर्गजन्य नाही. तरी त्याच्या रुग्णांना वाळीत टाकल्यासारखे वागवले जाते, हे दुर्दैव.

घरी आरओ यंत्र बसवणार असाल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जमिनीखालच्या, प्राणवायूविरहित पाण्यातील आर्सेनिक ज्या रूपात असते, ते आरओच्या पडद्यातून काही अंशी निसटते. म्हणून यंत्रातून निघालेल्या पाण्याचाही नमुना तपासणीला द्यावा.